वाद्यवृंदासमोर रॉक बँड : डबलबारी की एकच बारी?

प्रश्न : माझा मुलगा मित्रांच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आमच्या शेजारी चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवणारी पाच-सहा मंडळी आहेत. गेल्या वर्षी दोघांनी मिळून मैदानावर एक कार्यक्रम केला. परंतु व्हायोलिन कोणाला ऐकूच आले नाही आणि ती मंडळी हिरमुसून घरी गेली. मुलगा सांगतो की परदेशात मोठे बँड पूर्ण वाद्यवृंदाला सोबत घेऊन प्रत्यक्ष वाजवतात. त्यांना ते कसे जमते? त्यात खरोखर संगीत असते की केवळ भपका?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : प्रथम एका शब्दाचा उलगडा करतो, कारण अडचणीचे मूळ काही अंशी तिथेच आहे. आपल्याकडे गणेशोत्सवात किंवा जत्रेच्या रात्री ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की चित्रपटगीते गाणारे गायक, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी डोळ्यांसमोर येतात. ते वादक कानाने वाजवतात आणि गायकाने ऐन वेळी अंतरा पुन्हा घेतला तरी सांभाळून घेतात. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदाची रीत वेगळी आहे. व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंतची तंतुवाद्ये, बासरी-क्लॅरिनेटसारखी लाकडी आणि ट्रंपेट-हॉर्नसारखी पितळी फुंकवाद्ये, शिवाय तालवाद्ये असे सत्तर ते शंभर वादक तिथे असतात आणि प्रत्येकाच्या समोर त्याच्यापुरते लिहिलेले संगीत असते. त्याच्या कागदावर ज्या ठिकाणी काही लिहिलेले नाही, त्या ठिकाणी तो गप्प बसतो. म्हणूनच बँडने आपली गाणी नेहमीसारखी वाजवावीत आणि व्हायोलिनवाल्यांनी ‘मागून साथ द्यावी’ एवढेच ठरवून मंचावर गेले, तर आपण वर्णन केले तेच घडते.

भपक्याविषयी म्हणाल, तर दोन्ही प्रकार मी ऐकले आहेत. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल हा बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली एकत्र वाजले. रचना बँडचेच ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी लिहिली होती. तीन भागांच्या या रचनेच्या पहिल्या भागात त्यांनी बँड आणि वाद्यवृंद यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी केले. सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. डबलबारीच्या भजनात दोन बुवा आपापल्या मंडळींसह आमनेसामने बसतात, एकाची बारी संपली की दुसरा तिला उत्तर देतो आणि एकाचे गायन चालू असताना दुसरा ऐकत असतो. लॉर्ड यांनी वाद्यवृंदाला अशीच स्वतःची बारी दिली. शेवटच्या भागात दोघे एकत्र येतात तेव्हा त्या एकत्र येण्याला अर्थ प्राप्त होतो, कारण तोपर्यंत दोघांचे म्हणणे आपण वेगवेगळे ऐकलेले असते. रचनेत काही ठिकाणी सांधे दिसतात हे खरे आहे, तरीही या प्रकारातला हा प्रयोग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

याउलट व्हायोलिनच्या ताफ्याला केवळ लांबलचक स्वर धरून बसवायचे आणि प्रकाशझोतात त्यांचे गज तेवढे हलताना दाखवायचे, असे कार्यक्रमही पुष्कळ होतात. ते काम एक की-बोर्ड करू शकतो. त्यासाठी वर्षानुवर्षे रियाज केलेल्या माणसांना मंचावर बसवणे हा मला त्यांच्या विद्येचा अपमान वाटतो.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो. रॉकमधील गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो आणि त्या फाडण्यामुळे मूळ स्वराभोवती उपस्वरांची इतकी दाटी होते की मधल्या पट्टीत, म्हणजे जिथे व्हायोला, चेलो आणि हॉर्न यांची वस्ती असते तिथे, दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. अशा वेळी आवाज वाढवून काही साधत नाही. जागा लिहितानाच सोडावी लागते. संयोजकाने, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचे ते लिहून देणाऱ्याने, व्हायोलिनला गिटारच्या वरच्या सप्तकात न्यावे, नाहीतर गिटारला आठ-सोळा मात्रा थांबायला सांगावे. मेटॅलिका या बँडने २१ आणि २२ एप्रिल १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसह कार्यक्रम केले, तेव्हा संयोजन आणि संचालन मायकेल केमन यांचे होते. मूळ गाण्यांत गिटार काही केल्या थांबत नाहीत. म्हणून केमन यांनी पुष्कळ ठिकाणी तीच चाल वाद्यवृंदाकडून पुन्हा न वाजवता तिला छेद देणारी दुसरी चाल लिहिली. ती लक्ष देऊन ऐकावी लागते, परंतु जिथे ती नीट ऐकू येते तिथे ओळखीचे गाणे नव्याने उभे राहते.

दुसरे कारण ध्वनियंत्रणेचे आहे. व्हायोलिनसाठी समोर स्टँडवर माइक ठेवला की त्यात व्हायोलिनपेक्षा ड्रम्सच अधिक शिरतात, आणि साउंडवाल्याने तो माइक वाढवला की ड्रम्सही वाढतात. यासाठी मोठ्या कार्यक्रमांत ड्रम्सभोवती पारदर्शक ॲक्रिलिकचे पडदे लावतात, व्हायोलिनच्या अंगावरच चिमट्याचे छोटे माइक बसवतात आणि बँडच्या पायाशी असलेले मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचे वादन ऐकवणारे स्पीकर, काढून वादकांच्या कानात इअरफोन देतात. आपल्याकडे मोकळे मैदान आणि समुद्राचे वारे यांची भर पडते. सभागृहाच्या भिंती व्हायोलिनचा आवाज परतवून त्याला अंग देतात. मैदानावर तो तसाच विरून जातो. पुढच्या वेळी चिमट्याचे माइक मिळवावेत, व्हायोलिनवाल्यांना ड्रम्सपासून शक्य तितके दूर बसवावे, आणि सर्वांत आधी एक तरी कडवे असे बांधावे की ज्यात व्हायोलिन आणि बेस गिटार यांखेरीज कोणीही वाजवणार नाही. आपल्या चिरंजीवांना ते कडवे निश्चित आवडेल.

प्रश्न : आमच्या भजनात पखवाज लय धरतो आणि सारे त्याच्या मागून जातात. बँड आणि वाद्यवृंद एकत्र असताना लय कोणाची? ड्रमरची की हातवारे करणाऱ्या संचालकाची?
— एक वाचिका, मालवण

उत्तर : फार मार्मिक प्रश्न विचारलात. बँड कानाने ड्रमरच्या मागून जातो, तर वाद्यवृंद डोळ्यांनी संचालकाच्या हातामागून जातो, आणि संचालकाचा हात खाली आल्यानंतर किंचित उशिराने स्वर उमटावा अशी अनेक वाद्यवृंदांची सवय असते. त्यातच अंतराची भर पडते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ड्रम्सपासून पंधरा मीटर मागे बसलेल्या ट्रंपेटवाल्याला ठोका साधारण ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १८० मात्रांच्या द्रुत गाण्यात एका मात्रेचा चौथा भाग सुमारे ८३ मिलिसेकंदांचा असतो. तेव्हा कानावर विसंबून वाजवणारा तो वादक त्या पाव मात्रेच्या निम्म्याने मागे पडतो, आणि त्याचा स्वर पुढे पोहोचेपर्यंत तेवढाच उशीर पुन्हा होतो.

म्हणून अशा कार्यक्रमांत बहुधा ड्रमर आणि संचालक या दोघांच्याही कानात एकच यांत्रिक ठोका देतात, ज्याला ‘क्लिक’ म्हणतात. लय स्थिर राहते, परंतु गाण्याचा श्वास थोडा कोंडतो, असे मला वाटते. क्लिकशिवाय वाजवायचे असेल, तर संचालकाने ड्रमरची लय उचलून ती हाताने वाद्यवृंदापर्यंत पोहोचवायची आणि मागच्या वादकांनी कानापेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवायचा. तालमीचा बराच वेळ याच सवयीसाठी जातो.

प्रश्न : गिटारवाले म्हणतात तो सूर फुंकवाद्यवाल्यांना अवघड का जातो?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : गिटारच्या सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही मोकळ्या तारा पांढरी तीनच्या, म्हणजे ई स्वराच्या, असतात, त्यामुळे पुष्कळ रॉक गाणी त्याच सुरात बांधली जातात. व्हायोलिनलाही ती तार मोकळी मिळते. परंतु नेहमीच्या ट्रंपेटवाल्याला स्वर एक पूर्ण टप्पा वर लिहून द्यावे लागतात, आणि पांढरी तीनच्या मेजर स्केलसाठी त्याच्या कागदावर सहा तीव्र खुणा (शार्प) येतात, म्हणजे सहा स्वर अर्ध्या स्वराने चढवून वाजवावे लागतात. शिवाय काही वाद्यवृंद आपला मूळ ए स्वर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झवर लावतात. हे तालमीच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. भाद्रपदात दमट हवेने व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा वाद्ये मंचावर तासभर आधी आणून ठेवून मगच सुरात लावावीत.

प्रश्न : १९६९ च्या त्या रचनेचे लिखित संगीत हरवले होते, असे ऐकले. हे खरे आहे काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : खरे आहे. जॉन लॉर्ड यांची मूळ लिखित प्रत १९७० मध्ये हरवली आणि जवळजवळ तीन दशके ती रचना केवळ ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण यांतच उरली. मार्को द ग्यू या तरुण डच संगीतकाराने ती ध्वनिचित्रे पुन्हा पुन्हा ऐकून आणि पाहून एकेका वाद्याचे संगीत नव्याने लिहून काढले. लॉर्ड यांनी त्यावर हात फिरवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात डीप पर्पलने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह, पॉल मान यांच्या संचालनाखाली, ती रचना पुन्हा वाजवली. शंभर वादकांच्या गलबल्यातून दुसऱ्या क्लॅरिनेटचा स्वर वेगळा काढायला काय कान लागत असेल, याची कल्पना करून पाहावी. वेंगुर्ल्याच्या मंडळींनी व्हायोलिनसाठी जे काही लिहितील, त्याच्या दोन प्रती काढून एक चर्चमध्ये आणि एक ड्रमरच्या घरी ठेवावी.