बाळाची दुपटी, कपाट आणि पाईप

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळ, जांभ्याचं, कौलारू. जुलैत सुनेचं बाळंतपण आहे. दुपटी-लंगोट वाळवायला फॅब्रिकेटरकडून पत्र्याचं कपाट करून घेतलं. खाली जाळीमागे 1500 वॉटचा हीटर, वर पंखा आणि 4 इंची तोंड. बसवणारा म्हणतो, पाईप माळ्यावर सोडू, नाहीतर शेजारच्या न्हाणीघरात. तिथे गॅस गिझर आहे. कुठे सोडावा?

उत्तर : ताई, दोन्हीकडे नको. न्हाणीघराचं आधी सांगते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. पंख्याने तिथे हवा ढकलली की तिथली हवा दाराच्या फटीतून घरात येणार, गिझरच्या जळलेल्या वायूसकट. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला ना वास, ना रंग. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तो पोचला तरी कुणाला कळणार नाही. बसवणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी ऐकू नका.

माळ्याची चूक मी स्वतः केली आहे. आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवत होते, तरी रत्नागिरीच्या घरी पाईप माळ्यावरच सोडला. महिनाभरात कौलांखालच्या रिपा काळ्या पडल्या आणि आईच्या पेटीतल्या गोधड्यांना कुबट वास धरला. मशीनमधून पिळून निघालेल्या 5 किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतं. रोज तेवढं पाणी मी वाफ करून लाकडात सोडत होते. माझ्या आईच्या वेळी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी टाकत. ती वाफही घरातच राहायची, पण दुपटी असायची चार आणि कौलांच्या फटींतून वारा खेळायचा.

बाहेरचीच हवा दमट, मग कपाटात कपडे कसे वाळतील, अशी शंका तुम्हाला येईल. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 45 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता तिसऱ्या हिश्शावर येते. हीच हवा कपड्यांतलं पाणी ओढते. पण ओढून झालं की ती बाहेर गेली पाहिजे आणि खालून नवी आत आली पाहिजे. म्हणून दाराखाली बोट-दीड बोट फट हवीच. काही लोक ऊब जाते म्हणून ती फडकं कोंबून बंद करतात, मग आत सगळं नुसतं वाफाळत राहतं. वीज लागणारच. एक लिटर पाणी उडवायलाच पाऊण युनिटच्या आसपास जाते. म्हणून कपडे आधी कसून पिळून घ्या.

आता पाईप. कपाट बाहेरच्या भिंतीला लावा, मात्र ती भिंत पश्चिमेची नको. आपल्याकडे पाऊस तिकडूनच झोडपतो. पूर्वेच्या भिंतीत, वळचणीखाली, कोअर कटिंग मशीनने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने) भोक पाडून घ्या. छिन्नी-हातोड्याने जांभ्याचे टवके निघतात आणि पुढे तिथूनच ओल शिरते. पाईप आतून गुळगुळीत पत्र्याचा घ्या. घडीच्या लवचिक पाईपच्या वळ्यांत पाणी आणि कपड्यांची लव साचते. भिंतीतून जाताना त्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे आत थंड होऊन झालेलं पाणी कपाटात परत येणार नाही. वळण फार तर एक. बाहेरच्या टोकाला झडप हवी, हवा आली की उघडणारी आणि पंखा थांबला की पडणारी. पालीही त्याने अडतात. बारीक जाळी लावू नका, लवेने ती आठवड्यात बुजते.

वीज : बोर्डापासून वेगळी अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, चांगली अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. हीटरला थर्मोस्टॅटखेरीज (तो ऊब ठरावीक ठेवतो) जास्त तापलं की वीज तोडणारा वेगळा कट-आउट आहे का, ते फॅब्रिकेटरला विचारा. नसेल तर कपाट परत पाठवा आणि बसवून घ्या. पंखा बंद पडला तर हा कट-आउटच हीटरची वीज तोडतो.

आणखी एक. बाळाला तेल लावलेली फडकी या कपाटात घालू नका. तेलाचं कापड उबेला आपोआप तापत जातं आणि पेटूही शकतं. ती गरम पाण्यात साबणाने धुऊन वलणीवरच टाका, चार दिवस लागले तरी चालतील.

सगळं बसलं की दार लावून कपाट रिकामंच सुरू करा आणि खालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पाईप बरोबर आहे. तो बाहेर येत असेल तर पंखा उलटा जोडलाय किंवा झडप अडकली आहे.