ठाण्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली, तर विमा धरून ती खरंच स्वस्त पडते का?

तुमचा प्रश्न असा आहे की शोरूमवाला म्हणतो इलेक्ट्रिकच्या विम्यावर १५ टक्के सूट आहे, मग कोटेशनमध्ये विमा पेट्रोलपेक्षा जास्त कसा? मी कासारवडवलीला राहतो, तीन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. पहिलं कोटेशन बघून मीही असाच चक्रावलो होतो.

सूट खरी आहे, पण फक्त थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्यावर. त्यातही मेख अशी की पेट्रोल गाडीचा हप्ता सीसीवर ठरतो आणि आपला मोटरच्या किलोवॅटवर. जून २०२२ पासूनच्या दरांत ३० ते ६५ किलोवॅटला वर्षाला २,९०४ रुपये, ६५च्या वर गेलात की थेट ६,७१२. बारा-पंधरा लाखांच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या ६५च्या वरच्या असतात. त्याच गाडीचं १,२०० सीसीचं पेट्रोल मॉडेल मात्र ३,४१६ मध्ये सुटतं. नव्या गाडीला तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे, म्हणजे २०,९०७ विरुद्ध १०,६४०. घ्या सूट!

ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता आयडीव्हीवर, म्हणजे विमा कंपनी धरते त्या गाडीच्या किमतीवर असतो. गाडी महाग, म्हणून तोही जास्त. तो कमी करायच्या नादात झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापू न देणारं जादा कव्हर, मात्र काढून टाकू नका. साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापायचं कलम असतं आणि आपल्या गाडीत सगळ्यात महागडी वस्तू तीच.

मला हे घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटाने शिकवलं. खड्ड्यातला दगड खालून बॅटरीच्या आवरणाला लागला. गाडी व्यवस्थित चालत होती. वर्कशॉप म्हणे बॅटरीचा पॅक उघडता येत नाही, अख्खा बदलावा लागेल. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणे नुसता पोचा काढा. या वादात गाडी पाच आठवडे उभी आणि मी रिक्षाच्या रांगेत. बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी असल्या माराला लागू नसते, हे तेव्हा कळलं. झिरो डेप होतं म्हणून सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम) सोडून पदरचं काही गेलं नाही, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तेवढा शून्यावर आला. पार्किंग बेसमेंटला असेल तर बॅटरी प्रोटेक्ट हे जादा कव्हरही घ्या. पाणी शिरून बॅटरी गेली तर साधी पॉलिसी हात वर करू शकते.

आता उलट बाजू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, इलेक्ट्रिकला माफी. माझं रनिंग महिन्याला १,२०० किलोमीटर. साधारण १८५ युनिट लागतात, सोसायटीला ९ रुपयांनी १,६६५ रुपये देतो. पेट्रोल गाडीने १५चं ॲव्हरेज दिलं तरी ८० लिटर, म्हणजे आठ हजारांच्या वर. विम्यातला फरक तीन-चार महिन्यांत भरून निघतो. अटल सेतूवरून रोज जाणारे असाल तर ऑगस्ट २०२५ पासून तिथला टोलही इलेक्ट्रिकला माफ आहे.

हे सगळं घरी चार्जिंग असेल तर. आमच्या सोसायटीच्या कमिटीने चार्जिंगच्या मीटरसाठी परवानगीचं पत्र द्यायला आठ महिने लावले. तोवर बाहेर फास्ट चार्जिंगला कर धरून युनिटमागे २४ रुपये मोजत होतो आणि बचत जेमतेम निम्मी उरत होती. तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी सेक्रेटरींना गाठा, आणि लेखी घ्या.