इनलेट खालून की वरून? त्याआधी हवा कुठून येते ते बघा

प्रश्न : आमच्या इमारतीत नवीन एएचयू (हवा गार करून खोल्यांत सोडणारं युनिट) बसवलं, आठ रोचं, म्हणजे ट्यूबच्या आठ ओळींचं, चिल्ड वॉटर कॉइल आहे. फिटरने सप्लाय (गार पाणी आणणारा पाइप) खाली आणि रिटर्न (पाणी परत नेणारा) वर जोडलाय, म्हणजे नियमाप्रमाणेच. चिलरचं पाणी ७ डिग्रीने येतंय, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, फिल्टर नवे आहेत, तरी हवा हवी तेवढी गार येत नाही आणि खोलीत दमट वाटतं. काय चुकलं असेल?

उत्तर : बऱ्याच जणांच्या डोक्यात "खालून आत, वरून बाहेर" एवढंच पक्कं बसलेलं असतं आणि ते चूक नाहीच, खालून पाणी भरलं की ट्यूबमधली हवा वर ढकलली जाते आणि वरच्या एअर व्हेंटमधून निघून जाते, पण हा झाला अर्धाच नियम. उरलेला अर्धा जास्त महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक विसरतात : सगळ्यात गार पाणी कॉइलच्या त्या बाजूने आत गेलं पाहिजे जिथून हवा बाहेर पडते. म्हणजे पाणी आणि हवा समोरासमोरून यायला हवेत.

आता हे का, ते बघा. समजा पाणी ७ ला आत जाऊन १२ ला बाहेर येतंय. जोडणी बरोबर असेल तर कॉइलमधून निघणाऱ्या हवेला शेवटच्या रोमध्ये ७ डिग्रीचं पाणी भेटतं, त्यामुळे ती १२ च्या आसपास किंवा त्याखालीही जाऊ शकते. उलटं जोडलं की गार पाणी पहिल्याच रोमध्ये गरम हवेवर खर्ची पडतं आणि शेवटच्या रोला उरतं ते १२ डिग्रीचं, मग हवा १२ च्या वरच अडकते, कितीही जोर लावा. आणि दमटपणाचं कारणही हेच, शेवटच्या रोच्या फिन (ट्यूबवरच्या पातळ पट्ट्या) पुरेशा गार नसल्या की हवेतलं पाणी तेवढं गळत नाही. दोन रोच्या छोट्या फॅन कॉइलमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, पण सहा-आठ रोमध्ये चांगलाच बोंबलतो.

तपासायचं कसं, तर एएचयूची बाजूची प्लेट काढा, दोन उभे हेडर (सगळ्या ट्यूब ज्यांना जोडलेल्या असतात ते जाड पाइप) दिसतील, एक फिल्टरकडे आणि एक पंख्याकडे. पंखा कॉइलच्या पुढे असेल, म्हणजे हवा ओढून घेत असेल, तर सप्लाय पंख्याकडच्या हेडरला हवा. तुमच्याकडे बहुतेक फिल्टरकडच्या हेडरला लागलाय. डावं-उजवं कॉइल मागवताना गोंधळ झाला की साइटवर कॉइल फिरवून बसवतात, मग खालचं तोंड भलत्याच बाजूला येतं आणि फिटर बिचारा खालचं तोंड बघून सप्लाय जोडून मोकळा होतो. अशा वेळी मी तरी सप्लाय-रिटर्न अदलाबदल करा असंच म्हणेन, भले पाणी वरून आत गेलं तरी चालेल, फक्त दोन्ही हेडरच्या सगळ्यात वरच्या टोकाला एअर व्हेंट आणि सगळ्यात खाली ड्रेन आहे ना ते बघा आणि हवा नीट काढा.

प्रश्न : कंट्रोल व्हॉल्व्ह (कॉइलचं पाणी कमी-जास्त करणारा) सप्लायवर घ्यायचा की रिटर्नवर? आणि टू-वे की थ्री-वे?

उत्तर : रिटर्नवर. कॉइलमध्ये पूर्ण दाब टिकून राहतो, त्यामुळे हवा सुटायचा त्रास कमी. सप्लायवर आधी आयसोलेशन व्हॉल्व्ह (लाइन बंद करायचा), मग स्ट्रेनर (घाण अडवणारी जाळी), मग कॉइल. रिटर्नवर कंट्रोल व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (ठरलेला फ्लो सेट करायचा) आणि परत आयसोलेशन. दोन्हीकडे थर्मामीटर आणि प्रेशर गेज, हे प्लीज वाचवू नका. आणि स्ट्रेनरच्या आधी सप्लाय-रिटर्न जोडणारी एक बायपास लाइन ठेवा, लाइन धुताना वेल्डिंगची घाण त्यातून परत जाते, कॉइलच्या ट्यूबमध्ये घुसत नाही. (एकदा घुसली की काढता काढता नाकीनऊ येतात.)

थ्री-वेमध्ये नको असलेलं गार पाणी कॉइलला वळसा घालून तसंच परत जातं, पंप कायम फुल चालतो. पंपाचा वेग बदलता येत असेल तर टू-वे घ्या, तो नको असलेलं पाणी अडवतो, त्यामुळे लोड कमी झाला की पंपाचं वीजबिलही कमी होतं.

प्रश्न : कूलिंग कमी पडलं की ऑपरेटर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह उघडून जास्त पाणी सोडतो. बरोबर आहे का?

उत्तर : ठरलेल्या फ्लोच्या निम्मं पाणी गेलं तरी कॉइल ढोबळमानाने पाऊण कूलिंग देतं, त्यामुळे ठरलेल्याच्या वर कितीही पाणी ओता, हाती फार काही लागत नाही, उलट लांबच्या एएचयूंचं पाणी तुम्ही पळवता आणि तिकडून तक्रारी सुरू. ५ डिग्रीच्या फरकाला एका टन कूलिंगमागे मिनिटाला साधारण १० लिटर पाणी पुरतं, हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा.

व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी दोन्ही थर्मामीटर वाचा. कूलिंग कमी आणि पाण्याचा फरक मोठा, म्हणजे ७ ला गेलं आणि १५ ला आलं, तर पाणीच कमी पोचतंय, आधी स्ट्रेनरची जाळी काढून बघा. कूलिंग कमी आणि फरकही कमी, ७ ला जाऊन ९ ला परत, तर पाणी भरपूर आहे पण कॉइलला उष्णताच मिळत नाहीये, तेव्हा फिल्टर, पंख्याचा बेल्ट आणि फिनवरची धूळ बघा, आणि हे सगळं ठीक निघालं तर वरच्या पहिल्या प्रश्नातली भानगड तुमच्याकडे पण आहे का ते तपासा.