सोलापूरहून मुलांना खरी पाणबुडी आतून दाखवायची आहे, मुंबईला न्यावं का?

मुंबईला नको, विशाखापट्टणमला न्या; तिथे आर. के. बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही खरी पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे. मुंबईत नव्या 'कलवरी' वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, पाणबुड्या बांधल्या गेल्या, पण सेवेत असलेल्या पाणबुडीत सामान्य माणसाला सहज आत सोडत नाहीत. कुरसुरा 1969 मध्ये सोव्हिएत रशियाकडून आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि 2001 मध्ये निवृत्त झाली. मागच्या वर्षी आम्ही शाळेची सहल घेऊन कोणार्क एक्सप्रेसने गेलो होतो, सोलापूरहून थेट गाडी आहे. आत माहिती द्यायला नौदलातले निवृत्त लोक असतात, त्यांना भरपूर प्रश्न विचारू द्या. साधारण 91 मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात 75 माणसं राहायची. टॉर्पेडोच्या, म्हणजे पाण्याखालून सोडायच्या अस्त्राच्या, शेजारीच झोपायच्या फळ्या बघून आमची पोरं एकदम गप्प झाली.

मुलांना निघण्याआधी एवढं सांगून ठेवा:
- 8 डिसेंबर हा पाणबुडी दिन. 1967 मध्ये त्या दिवशी भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली.
- निवृत्त पाणबुडीचं नाव नवीला देतात. 'खांदेरी' हे शिवरायांच्या जलदुर्गाचं नाव 1968 मध्ये एका पाणबुडीला दिलं, 2019 मध्ये पुन्हा दुसरीला.

मात्र आजी-आजोबा सोबत असतील तर विचार करा: एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल, अरुंद दारातून वाकून, पाय उचलून जावं लागतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं.