वाचकांचे प्रश्न : धसका आणि हृदय

प्रश्न : माझे मिस्टर लोकलवर मोटरमन आहेत, वय ४६. दीड वर्षापूर्वी त्यांच्या गाडीखाली एक जण आला. तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास घामाघूम होऊन उठतात, छाती धडधडते. रुळांवर कोणी दिसलं की हात कापतात. तंबाखू वाढलीय. ईसीजी, टूडी एको नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ मग हृदयाला धोका नाही ना?
– वाचक, कल्याण

उत्तर : ‘टेन्शन घेऊ नका’ हा उपचार नव्हे. ईसीजीत त्या घटकेची नोंद असते आणि एकोत झडपा व हृदयाचं आकुंचन दिसतं. धमन्यांच्या भिंतीत काय साचतंय, ते दोन्हींत कळत नाही.

तुम्ही लिहिलीत ती लक्षणं पीटीएसडीची, म्हणजे आघातोत्तर तणावविकाराची वाटतात. पक्कं निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पीटीएसडी असलेल्यांपैकी २२.६ टक्क्यांना हृदयधमन्यांचा आजार झाला होता, नसलेल्यांपैकी ८.९ टक्क्यांना. जुळ्यांचं घराणं एकच असतं, त्यामुळे ‘घराण्यातच असेल’ म्हणून सोडून देता येत नाही.

पहाटे तीनला काय होतं ते बघा. एरवी झोपेत माणसाचं बीपी १० ते २० टक्के उतरतं, नाडी मंदावते. धसका बसलेल्याचा मेंदू झोपेतही पहाऱ्यावर असतो. ॲड्रेनलिन सुटतं, धमन्या आवळतात, नाडी धावते, रक्तातल्या प्लेटलेट (गुठळी बनवणाऱ्या पेशी) चिकट होतात. हे रात्रीमागून रात्री चाललं की धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. वर जागरण आणि तंबाखू. या सवयींचा वाटा मोठा आहे, आणि दिलासा म्हणजे त्या मोजता आणि बदलता येतात.

म्हणून आधी मोजा. दंडावर बांधायचं बीपी मशीन घ्या, मनगटावरचं नको. ड्युटी कितीही वाजता असो, झोपून उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी मोजायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको, नाहीतर आकडा फुगतो. सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर फिजिशियनला दाखवा आणि २४ तासांच्या बीपी नोंदीबद्दल विचारा. रात्री बीपी उतरतंय का, ते त्यातच कळतं. सोबत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या.

मूळ दुखण्यावर समुपदेशन लागेल, पण नुसत्या गप्पांचं नव्हे. आघातकेंद्री उपचारात त्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवतात. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी दीड तासापर्यंत. पहिल्या काही बैठकांत स्वप्नं वाढू शकतात. नेमके तिथेच बरेच जण उपचार सोडतात. झोपेसाठी शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलाम तर मुळीच नको. ती पीटीएसडी बरा करत नाही, सवय लावते, आणि तिच्या गुंगीत गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्या अपघाताला बोलावणं. ‘गाडीवरून उतरवतील’ या भीतीने माणसं लपवतात, हे समजतं. तरी बोलायची सुरुवात ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरून करता येईल.

एक लक्षात ठेवा : छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दम लागणं हे विश्रांती घेऊनही पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, तर ‘नेहमीची घबराट’ म्हणून बसून राहू नका. १०८ ला फोन करा.

प्रश्न : हार्ट ॲटॅक येऊन स्टेंट बसला, चार महिने झाले. गोळ्यांचा डबा दिसला की तोच दिवस आठवतो, म्हणून कधी कधी घेतच नाही. आणि वाईट स्वप्नं पडतात.
– वाचक, सांगली

उत्तर : ॲटॅकचाही धसका बसतो, साधारण आठांपैकी एकाला पीटीएसडीची ठळक लक्षणं दिसतात. डबा टाळणं हे त्यातलंच एक. पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चुकवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि पहिल्या वर्षात ते फार महागात पडतं. डबा कपाटात ठेवायला सांगा. घरच्यांनी रोजच्या गोळ्या वाटीत काढून न्याहारीबरोबर ताटाशी ठेवाव्यात. स्वप्नांसाठी चिठ्ठी तपासा : मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरने, म्हणजे नाडी आणि बीपी उतरवणाऱ्या गोळीने, काहींना भयंकर स्वप्नं पडतात. तसं असेल तर डॉक्टर दुसरा बीटा ब्लॉकर देऊ शकतात. स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडल्यास छातीतलं दुखणं उसळतं. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुचवली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा, आणि शौचाला काळं झालं किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवा.