जंतू आधी पकड घेतो, मग कामाला लावतो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळा लागला की आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी वाढतात, लघवीचे नमुने आणि प्रश्न. या खेपेचे प्रश्न वाचताना लक्षात आलं, की विचारणारे निरनिराळे असले तरी गोंधळ एकच आहे. जंतू म्हणजे जणू धूळ. अंगावर आला, पोटात गेला की झाला आजार. असं नसतं हो. लघवीच्या धारेत, आतड्याच्या रेट्यात, जठराच्या आम्लात टिकायचं तर जंतूला आधी कुठेतरी पकड घ्यावी लागते. पकड मिळाली की तो आपल्याच पेशीला राबवून घेतो. फसलेली औषधं आणि फसवे रिपोर्ट, दोन्हींचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

अंगात जंतू असणं म्हणजे आजारी असणं का? (जुळे सोलापूर)

नाही. तुमच्या आतड्यात या क्षणी कोट्यवधी ई. कोलाय सुखाने नांदताहेत. रिपोर्टवर जंतूचं नाव दिसलं म्हणून गोळ्या सुरू करू नका, काय त्रास होतोय ते डॉक्टरांना सांगा.

मी गणवेश शिवण्याच्या युनिटमध्ये काम करते. वर्षात चौथ्यांदा लघवीला जळजळ होतेय. मेडिकलवाल्याने डी-मॅनोजची पावडर दिली. "हिच्यामुळे जंतू चिकटतच नाही" म्हणाला. खरं आहे का? (अक्कलकोट रोड)

पावडरीमागचं शास्त्र खरं आहे, म्हणून तर ती खपते. ई. कोलायच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज ही साखर असते, तिला हे टोक धरतं. लघवीच्या धारेचा जोर वाढला की ही पकड सुटण्याऐवजी घट्ट होते. लबाडी आहे की नाही?

विद्यार्थ्यांना मी हे बेकरीतलं यीस्ट घेऊन दाखवते, कारण यीस्टच्या अंगावरही मॅनोज असतं. काचपट्टीवर यीस्टचा दुधाळ थेंब घ्यायचा, त्यात जंतूंचा थेंब घालायचा आणि पट्टी हलवत राहायची. थोड्याच वेळात दूध नासावं तशा गुठळ्या दिसतात. दुसऱ्या पट्टीवर आधी मॅनोज घातलं, तर थेंब दुधाळ तो दुधाळच. जंतूंच्या मुठी आधीच भरलेल्या असतात, ते यीस्टला धरणार कशाने? मुलांचे डोळे विस्फारतात. पावडर विकणाऱ्यांचेही विस्फारले असावेत.

पण मूत्राशय म्हणजे काचपट्टी नाही. वारंवार हा त्रास होणाऱ्या ब्रिटनमधल्या सुमारे 600 स्त्रियांवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्या जणींना सहा महिने रोज 2 ग्रॅम डी-मॅनोज दिलं आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी दुसरी पावडर. 2024 साली निकाल आला, त्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शिवाय हा जंतू नुसता चिकटून राहत नाही. तो मूत्राशयाच्या पेशीच्या आत शिरून तिथे वाढू शकतो आणि जळजळ थांबल्यावर पुन्हा बाहेर पडू शकतो. चौथ्या वेळचा जंतू जुनाच आहे की नवा, त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे मेडिकलच्या काउंटरवर कळत नाही. त्यासाठी लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करावं लागतं.

नमुना मधल्या धारेचा, आमच्याकडून नेलेल्या डबीतच घ्या आणि दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात पर्समध्ये दुपारभर फिरलेला नमुना आला तर मी परत पाठवते. ई. कोलायला असा उबारा मिळाला की तो वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो, मग रिपोर्टवर दिसतो तो पर्समध्ये वाढलेला जंतू. युनिटमध्ये धड संडास नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यावर पावडर हा उपाय नाही, मालकाला विचारा. थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, गरोदरपण किंवा मधुमेह, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रोबायोटिकची बाटली रोज प्यायल्याने वाईट जंतूंची जागा चांगले जंतू घेतात का? (होटगी रोड)

जाहिरातीत घेतात. त्यापेक्षा घरचं ताक प्या. पोटाची तक्रार महिनाभर चालू असेल तर दाखवून घ्या.

मी बी.एस्सी.ला आहे. जंतू पेशीला सुई टोचतात असं सर म्हणाले. हे रूपक आहे की खरंच सुई असते? (दयानंद कॉलेज परिसर)

खरंच असते. प्रथिनांची बनलेली पोकळ नळी असते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिरिंजसारखीच दिसते. तान्ह्या मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायची एक जात या सुईने जे करते ते मला अजूनही नवल वाटतं. चिकटायचं तर समोरच्या पेशीवर धरायला काहीतरी हवं. हा जंतू ते घरूनच घेऊन येतो. 'टिर' नावाचं स्वतःचं प्रथिन तो सुईतून माणसाच्या आतड्याच्या पेशीत सोडतो, ते पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं आणि मग जंतू त्यालाच धरून लटकतो. दुसऱ्याच्या भिंतीत आपली खुंटी ठोकायची आणि त्यावर आपलाच सदरा टांगायचा! एवढ्यावर भागत नाही. पेशीतलं ॲक्टिन, म्हणजे तिच्या सांगाड्याचं प्रथिन, जंतूच्या खाली गोळा होतं आणि त्याच्यासाठी चक्क चौथरा उभा राहतो. 1997 साली हे उलगडलं, तोवर धरायची जागा पेशीचीच असणार असा समज होता. परीक्षेत आकृती काढ, गुण मिळतील.

दहा महिन्यांच्या नातीला जुलाब होताहेत. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी पाव दिली तर चालेल का? (विडी घरकुल)

अजिबात नाही. ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओआरएसच का, तर कॉलऱ्याचंच बघा. तो जंतू पेशीच्या आत शिरतही नाही, आतड्याला बाहेरून चिकटून विष सोडतो. हे विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं. त्या विषामुळे पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर वाहू लागतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा दरवाजा शाबूत राहतो. ओआरएस त्याच दरवाज्याने आत जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी याच्यावरच हजारो जीव वाचवले. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा.

मुलाला नऊ दिवस ताप आहे. दोन डॉक्टर झाले, तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या. विडालमध्ये 1:80 पॉइंट आले. शेजारी म्हणतात, डबल टायफॉइड. ताप येण्याच्या आदल्या दिवशी पाणीपुरी खाल्ली होती, त्यानेच झालं ना? (साखर पेठ)

डबल टायफॉइड नावाचा आजार नाही. आदल्या दिवशीच्या पाणीपुरीवरही आळ घेऊ नका. टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत तो काय करतो ते ऐका, म्हणजे मी का चिडते ते कळेल.

साल्मोनेला टायफी लहान आतड्याच्या भिंतीशी येतो आणि तिथल्या पेशीला सुई लावतो. त्यातून गेलेली प्रथिनं पेशीच्या सांगाड्याची उलथापालथ करतात. पेशीचा पृष्ठभाग उतू जाणाऱ्या दुधासारखा वर येतो आणि जंतूला स्वतःहून आत ओढतो. आतल्या बाजूला जंतू खाऊन पचवणाऱ्या पहारेकरी पेशी असतात, त्याही याला गिळतात. पण हा पचत नाही. दुसरी सुई काढून तो त्यांच्या आतच आपली खोली थाटतो आणि त्यांच्याच खांद्यावर बसून यकृत, प्लीहा आणि हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतो.

म्हणजे टायफॉइडमध्ये जंतूंचा मुक्काम पेशींच्या आत असतो, रक्तात फार थोडे सापडतात. एका मिलिलिटरमध्ये जेमतेम एखादा, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं, मुलांचं वजनाप्रमाणे. "एवढं रक्त कशाला?" म्हणून आमच्या टेक्निशियनशी भांडू नका. आणि म्हणूनच, गेली कित्येक वर्षं घसा कोरडा करून सांगतेय, कल्चरचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्या. दोन गोळ्या पोटात गेल्या की रक्तातले मोजके जंतू मरतात, पेशींतले तसेच राहतात. बाटली मशीनमध्ये पाच दिवस राहते, जंतू वाढले की पिवळा होणारा तळाचा हिरवट ठिपका काही पिवळा होत नाही आणि मला "जंतू वाढले नाहीत" असं लिहावं लागतं. घरचे म्हणतात, चला, टायफॉइड नव्हताच. गोळ्या बंद होतात आणि पुढच्या आठवड्यात ताप परत येतो.

आता विडाल. ही तपासणी 1896 सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला आठवडा जातो, जुन्या संसर्गाने किंवा लशीने ती रक्तात राहिलेली असू शकतात आणि दुसऱ्या तापांतही वर जाऊ शकतात. 1:80 म्हणजे रक्तातलं पाणी ऐंशी पट पातळ करूनही ती दिसली, एवढंच. आपल्या भागात एकट्या 1:80 वरून टायफॉइड ठरवणं म्हणजे आकाशात ढग बघून उजनी भरल्याचं सांगणं. तरी हीच तपासणी सर्रास होते, कारण स्वस्त आहे, तासाभरात हातात कागद येतो आणि सलाईन लावायला निमित्त मिळतं.

औषधाचंही तसंच. काचेच्या ताटलीत जेंटामायसिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन या जंतूला मारताना दिसतं, पण माणसाच्या टायफॉइडवर ते चालत नाही, कारण पेशीच्या आत ते पुरेसं पोचतच नाही. म्हणून टायफॉइडच्या रिपोर्टवर आम्ही त्याचं नाव लिहीत नाही. "यादीतलं ते स्वस्त इंजेक्शन का नाही दिलं?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

तुमच्या मुलाचं आता काय? गोळ्या झाल्या असल्या तरी कल्चर करता येतं, जंतू सापडण्याची शक्यता मात्र कमी होते. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा, सोमवारची वाट बघू नका. हा ताप टायफॉइडशिवाय दुसराही कशाचा असू शकतो, तेही तेच बघतील. जुने लोक याला मुदतीचा ताप म्हणायचे, पण मुदत संपायची वाट बघणं धोक्याचं आहे. आतड्यात जिथून जंतू शिरला, नेमकी तीच जागा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फुटू शकते. पोटात जोराने दुखणं, शौचातून रक्त, मुलगा गुंगीत असणं, यांतलं काही दिसलं तर सरळ दवाखान्यात भरती करा. बरा झाल्यावर टायफॉइडच्या कॉन्जुगेट लशीबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्येच ती मोहीम काढून मुलांना दिली होती.

चार वर्षं पित्ताची गोळी चालू आहे. शेंगाचटणीसुद्धा सोडली. आता रक्तात एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलाय. कोर्स घेऊ का? (मंगळवार पेठ)

नुसत्या रक्ताच्या तपासणीवर नको. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, पण बंद करणं डॉक्टरांना विचारूनच. हा जंतू अमोनिया तयार करून भोवतीचं आम्ल मारतो, चिकट थर भेदून जठराच्या पेशींना धरतो आणि त्याच्या काही जाती पेशीत स्वतःचं प्रथिनही सोडतात. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. 2005 साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. तुम्ही असलं काही करू नका. वजन घटत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल किंवा घास अडकत असेल, तर एन्डोस्कोपी लांबवू नका. चटणीचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता. आता ठणठणीत आहेत. कामावर घेऊ ना? (विजापूर रोड)

आधी शौचाचं कल्चर. टायफॉइड झालेल्यांपैकी थोड्यांच्या पित्ताशयात, विशेषतः तिथे खडे असले तर, जंतू खड्यावर थर धरून बसतो आणि माणूस ठणठणीत असताना वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. स्वतः ठणठणीत असून टायफॉइड पसरवणारी न्यूयॉर्कची मेरी मॅलन स्वयंपाकीणच होती. तिला पहिल्यांदा 1907 ते 1910 आणि मग 1915 पासून 1938 मध्ये मरेपर्यंत वेगळं ठेवलं होतं. मावशींना तुम्ही तसं वागवू नका. पगार चालू ठेवा आणि रिपोर्ट येईपर्यंत अन्नाला हात न लागणारं काम द्या. बहुधा वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने लागतील, नेमके किती आणि कधी ते त्यांचे डॉक्टर सांगतील. डब्या लॅबमधून फुकट मिळतात, आइस्क्रीमच्या डबीत आणू नका.