मावशीवर बोलायचंय ना? मग हे ऐक

शोकसभेसाठी तू तुझ्या नर्स मावशीवर लिहिलेलं भाषण वाचलं. ‘सेवामूर्ती’, ‘त्यागाचं प्रतीक’ हे आधी खोड. कुठल्याही सिस्टरला चिकटेल असं आहे ते. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या नर्स अंजली कुलथे यांचं बघ. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी इमारतीत असताना त्यांनी 20 गरोदर बायकांना सुरक्षित पॅन्ट्रीत हलवलं. एवढं सांगितलं की विशेषण लागतच नाही.

तुझ्या मावशीच्या वाट्याला तसली रात्र आली नाही, पण साध्या नाइट ड्युट्या ढिगाने आल्या. त्या लिही. मी तिच्या हाताखालीच शिकले. डिसेंबरात पेशंटला हात लावण्याआधी ती तळवे घासून गरम करायची. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, मग टाचा आणि माकडहाड नीट बघायची. लाली, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसली की आमची काही खैर नसायची. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती, द्यायला मात्र इतका वेळ लावायची की माझी कर्जत लोकल हमखास चुकायची! हेही सांग. लोक हसले तर हसू देत.

तारखा, बढत्या एका ओळीत उरक. आणि तिच्या वॉर्डातल्या आयाबाईंना आधी फोन कर, आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.